सदुसष्टाव्या वर्षी, नव्या गावात, चर्चचं काम कुठून सुरू करावं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वसईत तुम्ही तीस वर्षं चर्चमध्ये बायबलच्या वाचक म्हणून उभ्या राहिलात, मुलांना धर्मशिक्षण दिलंत, महिला मंडळाची कामं केलीत. यजमान गेल्यावर मुलीकडे गोव्यात पर्वरीला आलात. इथली मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, कोकणीत, गाण्याची पुस्तकं रोमी (इंग्रजी) अक्षरांत. गायनमंडळात विचारलंत तेव्हा ‘आता तरुणांना घेतोय’ असं उत्तर मिळालं. फादरांना भेटून ‘काही काम असेल तर सांगा’ म्हणालात, ते ‘हो हो, कळवतो’ म्हणाले, त्याला आठ महिने झाले. गुडघे दुखतात, मुलगी-जावई दिवसभर कामावर असतात. आणि शेवटी तुम्ही विचारलंत, ‘या वयात चर्चला माझा काही उपयोग उरलाय का?’

मी मूळची सावंतवाडीकडची, लग्न होऊन बार्देशात आले. सरकारी इस्पितळात नर्स होते. आज एकाहत्तर वर्षांची आहे. गेली बावीस वर्षं आमच्या चर्चतर्फे आजारी आणि घराबाहेर पडू न शकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे जाते, त्यातली बरीच वर्षं कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, घेऊन. तेव्हा सांगते ते त्या फेऱ्यांमधून कळलेलं.

तुमच्या प्रश्नात वय पुढे आलंय, पण मला अडचण वयाची कमी आणि अनोळखीपणाची जास्त दिसते. गोव्यात म्हातारी माणसं काही कमी नाहीत. २०११ च्या जनगणनेत साठीच्या वरच्या लोकांचं प्रमाण इथे ११.२ टक्के होतं, देशात केरळच्या (१२.६) खालोखाल. कुठल्याही गावात आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळच्या मिस्सेला जाऊन बसा, निम्म्याहून अधिक डोकी पांढरी दिसतील. दार उघडणं, फुलं लावणं, तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना सांगणं, सगळं त्याच बायका करत असतात. त्यांना कोणी वय विचारत नाही, कारण चाळीस वर्षांपासून सगळे त्यांना ओळखतात. तुम्हाला अजून कोणी ओळखत नाही, एवढंच. फादर ‘कळवतो’ म्हणाले ते बहुधा मनापासूनच म्हणाले असतील. पण त्यांच्यापुढे रोज वीस माणसं येतात, आणि ‘काही काम असेल तर’ या वाक्यावर कोणालाच काही करता येत नाही. कोणतं काम, कुठल्या दिवशी, किती वेळ, यातलं काहीच त्यात नसतं.

इथली एक रीत तुम्हाला कोणी सांगितली नसेल. गोव्यात चर्चमध्ये शिरायची वाट वाड्यावरून जाते. प्रत्येक फिर्गजीत, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, आपण धर्मग्राम म्हणतो त्यात, वाड्यावाड्यांचे लहान ख्रिस्ती समुदाय असतात. दहा-वीस घरांची माणसं कोणाच्या तरी घरी किंवा रस्त्यावरच्या खुरसाशी (क्रुसाशी) जमतात, बायबलचा उतारा वाचतात, कोण आजारी आहे, कोणाकडे लग्न आहे ते बोलतात. पर्वरीसारख्या ठिकाणी, जिथे अर्धी वस्ती फ्लॅटमध्ये, तिथे तुमच्या इमारतीचं नाव कुठल्या समुदायात येतं हे चर्चच्या ऑफिसातच कळेल. तेव्हा पहिलं काम हे करा: ऑफिसात जाऊन तुमचं नाव मुलीच्या कुटुंबात नोंदवलंय का बघा, आणि तुमच्या भागाची प्रमुख कोण ते विचारून घ्या. वसईच्या तुमच्या फादरांकडून चार ओळींचं पत्रही मागवा, की या बाईंनी आमच्याकडे अमुक वर्षं अमुक काम केलं. हे शिफारस मागितल्यासारखं वाटेल, पण नव्या ठिकाणी तुमच्यासाठी शब्द टाकणारं कोणी नाही, ते काम त्या पत्राला करू द्या.

मग तीन-चार महिने काही मागू नका. समुदायाच्या बैठकीला जा, मागच्या खुर्चीवर बसा, नावं पाठ करा. माझा अनुभव असा की तिसऱ्या बैठकीला कोणीतरी विचारतंच, ‘तुमी खंयच्यो?’ वसई म्हटल्यावर पुढचा अर्धा तास तुमचाच.

आता भाषेचं. तुम्ही लिहिलंय की कोकणी कळते पण बोलायला लाज वाटते आणि रोमी अक्षरांत वाचायला जमत नाही. मीही सावंतवाडीची, घरात मालवणी, शाळा मराठीत, तरी इथे आल्यावर पहिलं वर्ष मिस्सेत तोंड मिटून बसले. मला भाषा शिकवली ती तेर्साने. जपमाळेत ‘नमान मारिये’ एका बैठकीत त्रेपन्न वेळा येतं. दुसरी कुठली शिकवणी एकच वाक्य त्रेपन्न वेळा म्हणायला लावते आणि चुकलं तरी कोणी बघत नाही? महिनाभर वाड्यावरच्या तेर्साला बसा. ‘आमच्या बापा’ आणि ‘नमान मारिये’ तोंडात बसलं की रोमी पुस्तक उघडून तीच प्रार्थना बघा. शब्द आधीच पाठ असल्याने अक्षरं आपोआप लागतात. मी अशीच शिकले.

आणि तुमची मराठी इथे परकी आहे असं मुळीच समजू नका. थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीय (जेझुइट) पाद्रींनी गोव्यातल्या साष्टीत राहून क्रिस्तपुराण रचलं ते मराठी ओव्यांत, जवळपास अकरा हजार ओव्या. १६१६ साली ते रायतूरला छापलं गेलं, आणि तेही रोमी अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळे तेव्हा इथे नव्हते. ज्या रोमी पानाकडे बघून तुम्हाला आज परकं वाटतं, त्याच लिपीत चारशे वर्षांपूर्वी मराठी छापली गेली, याच गोव्यात. एका कोरेझ्मात, म्हणजे उपवासकाळात, आमच्या वाड्याच्या बैठकीला मी क्रिस्तपुराणातल्या येशूच्या दुःखसहनाच्या ओव्या वाचल्या. शेजारची एक हिंदू बाई, निवृत्त मराठी शिक्षिका, अंगणाच्या कडेला उभी राहून ऐकत होती. दुसऱ्या शुक्रवारी ती आत येऊन बसली आणि दोन अडलेल्या शब्दांचे अर्थ तिनेच सांगितले. तुम्ही तीस वर्षं वेदीवर वाचन केलंय, तुमचा आवाज तयार आहे. उपवासकाळात असं वाचन करीन, असं तुमच्या समुदायाच्या प्रमुखांना जरूर सांगून ठेवा. हे काम दुसरं कोणी करत असण्याची शक्यता कमी आहे.

पुढचं सगळं तुमच्या तब्येतीवर आणि घरावर अवलंबून आहे, तिथे मी नियम घालू शकत नाही. नातवंडं किती वाजता शाळेतून येतात, मुलीला तुमचा किती हातभार लागतो, हे आधी तिच्याशी बसून बोला. मुलीला न सांगता दुपारच्या वेळा चर्चला देऊन टाकल्या आणि मग घरात कुरबूर झाली, अशी दोन घरं मी पाहिलीत. दोन्हीकडे शेवटी आजीचं चर्चच बंद झालं.

तब्येतीचं मात्र नर्स म्हणून नेमकं सांगते. म्हातारी माणसं मिस्सेला येणं थांबवतात ते बरेचदा अशा कारणांनी की ती कोणी बोलून दाखवत नाही. रक्तदाबासाठी सकाळी लघवीची गोळी घेतली की तासाभरात दोनदा उठावं लागतं, आणि भर प्रवचनात उठायची लाज वाटते. गोळीची वेळ बदलता येईल का हे डॉक्टरांना विचारा, स्वतःहून बदलू नका. मधुमेह असेल तर उपाशीपोटी मिस्सेला जाऊ नका. कम्युनियनच्या आधी एक तास काही न खाण्याचा नियम वृद्धांना आणि आजाऱ्यांना, शिवाय त्यांची सेवा करणाऱ्यांनाही, लागू नाही. हे चर्चच्या कायद्यातच आहे. तरी आमच्याकडे जुन्या सवयीने निरशी येऊन चक्कर येऊन पडलेल्या बायका मी बाकावरून उचलल्यात. गुडघे टेकता येत नसतील तर बसून प्रार्थना करा. ऐकू कमी येत असेल तर लाउडस्पीकरच्या बाजूचा बाक धरा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत चर्चच्या चिऱ्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा बाजूच्या दाराने जा. आणि शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते. गर्दी कमी, गाडी लावायला जागा, जावई मोकळे. दोन किलोमीटरसाठी पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या, मोटारसायकलवर मागे बसू नका, गुडघ्याला ते झेपणार नाही. शेजारच्या गाडीत एक जागा मागा. मागायला संकोच वाटेल, पण अशा मागण्यातूनच माझ्या इथल्या निम्म्या ओळखी झाल्या.

आता कामाचं. माझं ठाम मत असं आहे की या वयात समितीतलं पद शोधू नये, एक माणूस आणि एक वार शोधावा. अमक्या घरी, दर गुरुवारी, चार ते पाच. एवढं काम हातात आलं की उपयोग आहे का हा प्रश्न पडायला वेळ उरत नाही, कारण गुरुवारी कोणीतरी तुमची वाट बघत असतं.

वाट बघणं म्हणजे काय ते मला एका चुकीतून कळलं. काही वर्षांपूर्वी माझ्या यादीत एक आजोबा होते, अर्धांगवायू झालेले, बोबडं बोलणारे. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी दहा वाजता मी त्यांच्याकडे कम्युनियन घेऊन जायची. माझं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, त्या धावपळीत यादी माझ्याच पिशवीत राहिली. मी कोणालाच सांगितलं नाही, त्यामुळे कोणीच गेलं नाही. पुढच्या महिन्यात काठी टेकत गेले तेव्हा त्यांच्या सुनेने सांगितलं. त्या दिवशी त्यांनी सकाळी सहालाच दाढी करून घेतली होती. इस्त्रीचा सदरा घातला. पलंगाशेजारच्या स्टुलावर पांढरं कापड, मेणबत्ती, खुरीस, पाण्याचा पेला, सगळं नेहमीसारखं मांडून घेतलं. साडेबारापर्यंत ते दाराकडे बघत बसले. सून जेवण घेऊन आली तेव्हा त्यांनी हाताने खूण केली, थांब. दीड वाजता मेणबत्ती त्यांनी स्वतः काढून खणात ठेवली, एका हाताने, कारण दुसरा चालत नव्हता. सुनेने हे रागावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी त्यांची माफी मागितली, तर ते नुसते हसले आणि जीभ बाहेर काढून कम्युनियनसाठी थांबले.

तेव्हापासून माझा नियम आहे की कुठलंही घर एकटीने धरायचं नाही. प्रत्येक घराची माहिती दोघींना, यादीची प्रत दोघींकडे, जमत नसेल तर आदल्या रात्री फोन. संत विन्सेंट डी पॉल सोसायटी १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी सुरू केली. त्यांच्यातही गरिबांच्या घरी जोडीने जायची रीत आहे, ती उगाच नाही. म्हाताऱ्या सेवकांना तर जोडीदार हवाच, कारण आपली तब्येत सांगून बिघडत नाही.

कम्युनियन घेऊन जाण्याचं काम तुम्हाला लगेच मिळणार नाही हे ध्यानात घ्या. १९७३ साली रोमने प्रापंचिकांनाही ते करायची मुभा दिली, पण त्यासाठी फादरांनी नाव सुचवावं लागतं, प्रशिक्षण असतं, ठराविक मुदतीची नेमणूक असते. ते पुढे बघता येईल. तोवर ज्या घरी कोणी कम्युनियन घेऊन जातं, त्या घरी तिच्याबरोबर जा. बाकीचे महिनाभर तिथे कोणीच जात नाही. पेपर वाचून दाखवा, चष्मा पुसून द्या, औषधांच्या पट्ट्यांवर तारीख बघा. सामाजिक सुरक्षा योजनेचे कागद, बँकेतला हयातीचा दाखला, असल्या गोष्टींसाठी कित्येक म्हाताऱ्यांना लिहिता-वाचता येणारं, घाई नसलेलं माणूस हवं असतं. तुम्ही मुलांना शिकवलेलं आहे, अर्ज भरणं तुम्हाला जड नाही.

आणि ज्या दिवसांत गुडघे बाहेर पडूच देणार नाहीत, त्यांसाठीही वाट आहे. लीजन ऑफ मेरी ही संघटना १९२१ मध्ये डब्लिनला सुरू झाली. तिच्यात सक्रिय सदस्यांसोबत सहाय्यक सदस्य असतात. ते बैठकीला येत नाहीत, घरी रोज ठरलेल्या प्रार्थना आणि जपमाळ करतात. नावनोंदणी रीतसर होते. तुमच्या चर्चमध्ये गट आहे का विचारा. घरी बसून केलेली प्रार्थना दुय्यम काम आहे असं मी मानत नाही. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात मंदिर न सोडणारी हन्ना चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा आहे. बाळ येशूला आणलं तेव्हा मंदिरात कितीतरी माणसं असतील. तिने त्याला ओळखलं, आणि ती गप्प बसली नाही, वाट बघणाऱ्या सगळ्यांना तिने त्याच्याविषयी सांगितलं. माझ्या यादीतल्या एक बाई, अकरा वर्षं अंथरुणावर, रोज वाड्यातल्या एकेका घराचं नाव घेऊन जपमाळ करायच्या. कोणाच्या मुलाची परीक्षा कधी आहे हे त्यांना आमच्या विगारांपेक्षा, म्हणजे चर्चच्या मुख्य फादरांपेक्षा, नक्की ठाऊक असायचं.

गायनमंडळाचं तुम्हाला लागलंय, ते मला कळतं. माझं प्रामाणिक मत सांगू? तरुणांना घ्यायचं त्यांनी ठरवलं ते बरोबर आहे. बिशपांनी पंच्याहत्तरीला राजीनामा द्यायचा आणि ऐंशीच्या पुढच्या कार्डिनलांनी पोपच्या निवडणुकीत मत द्यायचं नाही, असं चर्चनेच ठरवलंय, तर गायनमंडळातही जागा मोकळी व्हायलाच हवी. चुकलं ते एवढंच, की ‘इथे नाही’ म्हणताना ‘मग तिथे बसा’ हे कोणी सांगितलं नाही. त्याचं दुःख धरणं साहजिक आहे, पण ते धरून रविवार चुकवू नका. मीही सत्तरीला माझी यादी एका पंचेचाळिशीच्या बाईच्या हातात दिली. पहिले सहा महिने आम्ही मिळून गेलो, मग ती पुढे आणि मी मागे. आजही दोन घरं माझ्याकडे आहेत, पण प्रमुख ती. सोपं गेलं नाही. ती घरात शिरताना चप्पल कुठे काढते यावरूनसुद्धा मला बोलावंसं वाटायचं. बोलले नाही.

एक सावधगिरीची गोष्ट. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे प्रार्थनेच्या नावाने येणारे सगळे चांगलेच असतात असं नाही. ‘विश्वास असेल तर गोळ्या बंद करा’ असं कोणी म्हणालं, कितीही गोड बोलून, तरी त्याचं ऐकू नका. अशा एका सल्ल्यानंतर इन्सुलिन सोडलेल्या माणसाचा पाय मी स्वतः ड्रेसिंग केलाय. प्रार्थना आणि औषध दोन्ही घ्या. पैसे मागणाऱ्याला मुलीला विचारल्याशिवाय काही देऊ नका.

तुमच्या चर्चला काही नवं सुचवायचंच असेल तर जुलैचा चौथा रविवार धरा. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून तो आजी-आजोबा आणि वृद्धांचा दिवस म्हणून ठरवला, येशूचे आजी-आजोबा संत योवाकीम आणि संत आना यांच्या २६ जुलैच्या सणाला लागून. त्याच सुमाराला तळावलीला सांत आनाचं तवशांचं (काकड्यांचं) फेस्त, म्हणजे सण, असतं, तेव्हा गोव्यात हा सण कोणाला समजावून सांगावा लागत नाही. त्या दिवशी भाषणं आणि सत्कार नकोत. कोणत्या घरातला कोण म्हातारा वर्षभर चर्चला आला नाही आणि त्याला आणायला कोणाची गाडी मोकळी आहे, एवढी यादी करा. ही यादी करायला लागणारं माणूस तुमच्यासारखंच हवं, वेळ असलेलं आणि फोनवर नीट बोलणारं.

आत्ता मात्र त्याच्याही आधीचं एक दार आहे. गावोगावी वेळ वेगळी असते, पण ऑक्टोबरपासून पुढे केव्हातरी तुमच्या भागात सायबिणीची, म्हणजे मरियामातेची, भोंवडी येईल. सायबिणीची मूर्ती घरोघर फिरते, एका घरी रात्रभर राहते, दुसऱ्या संध्याकाळी सगळे मिळून मेणबत्त्या घेऊन तिला पुढच्या घरी पोचवतात, तेर्स होतो, गाणी होतात. तुमच्या मुलीच्या घराची पाळी कुठल्या तारखेला ते आत्ताच विचारून घ्या आणि त्या आधीच्या तीन-चार घरी तरी जा. ज्या घरून सायबीण तुमच्याकडे यायची, त्या घरच्या बाईला आदल्या दिवशी विचारा की टेबल कुठे मांडतात, किती माणसं येतील, खायला काय करतात. बहुतेक ती उकडलेले चणे म्हणेल. चणे आदल्या रात्री भिजत घाला, खोबरं जास्त घाला, आणि तेर्साची एक गाठ, दहा ‘नमान मारिये’, तुम्ही सांगाल असं तिला आधीच कळवून ठेवा.